रद्द झालेली रॉकेटं आणि आमची लाल गाडी

रॉकेटं बघायला चाललोय असं सांगितलं, तेव्हा आमच्या साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "तिकडे जवळपास देऊळ वगैरे आहे का हो?" नाही म्हटल्यावर, "मग शॉपिंग?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला. नवऱ्याच्या आजारपणाने बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

तर ज्यांना देवळं आणि सेल सोडून दुसरं काही बघावंसं वाटतं, आणि सोबत काठी टेकत चालणारं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रस्ते, जेवण, टॉयलेटं, सगळं सांगते. घरची भांडणंही सांगते, कारण ती वगळली तर हा प्रवास अर्धासुद्धा उरत नाही.

डोक्यात रॉकेट शिरलं ते गेल्या हिवाळ्यात, लायब्ररीतल्या एका व्याख्यानात. आम्ही बहात्तर साली इथे आलो. हे हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी शाळेच्या सायन्स लॅबमध्ये टेक्निशियन. समोरच्या आयल ऑफ वाइटवर पाहुण्यांना किती वेळा नेलं असेल! वाळू, आइस्क्रीम आणि राणीचा बंगला, संपलं बेट. आणि तो व्याख्याता सांगत होता की त्या बेटाच्या पश्चिम टोकाला, कड्यावर, ब्रिटिश रॉकेटांची इंजिनं पेटवून बघत असत. मला आनंद व्हायच्या आधी राग आला. पुण्यात फिजिक्स घेऊन बीएस्सी केलेली बाई मी, आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही? त्याच आठवड्यात मी नकाशा काढून बसले. बेट, मग बकिंगहॅमशरमधलं वेस्टकॉट, मग कॉसफर्डचं क्षेपणास्त्रांचं दालन, आणि शेवटी पार वर कंब्रियातलं स्पेडॲडम.

आता भांडणाकडे येते. दोन वर्षांपूर्वी ह्यांना स्ट्रोक आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द तीनच येतात: "ओके", "नाही" आणि "अगं". गाडी आयुष्यभर ह्यांनी चालवली होती, म्हणून मी साठाव्या वर्षी शिकायला लागले आणि पाचव्या परीक्षेत पास झाले. परीक्षक माझ्यापेक्षा जास्त खूश झाला. मग छोटी, लाल, ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिच्या जोरावर आमचं घर चालतं. फिजिओथेरपी, भाजी, मंडळ, संध्याकाळचा समुद्र, सगळं तिच्यावर.

आमचा मंदार मिल्टन कीन्सला असतो, आयटीत. पोरगा प्रेमळ आहे, पण काळजी करायला लागला की तो बुलडोझर होतो. त्याचं ठरलं होतं: मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी आईने गाडी मिल्टन कीन्सला आणायची, तिथे त्याचा एक सहकारी ती घेणार, आम्ही ट्रेनने परतायचं. मग शरद ऋतूत घर विकायचं आणि त्याच्या बागेत बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला जायचं. म्हणजे गाडी गेली की घर जाणार, हे मला दिसत होतं. फेब्रुवारीत, सर्दीखोकल्याने बेजार असताना, मी त्याला "बरं" म्हणून बसले होते. स्पेडॲडमच्या भेटीसाठी आमची दोघांची नावं मात्र मी त्याआधीच नोंदवली होती. ती तारीख नेमकी त्या शनिवार-रविवारनंतरच्या मंगळवारची होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, आयल ऑफ वाइट

साउथहॅम्प्टनहून गाडीसकट ईस्ट काउझची फेरी घ्यायची, साधारण तासाचा प्रवास. आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि सकाळी लवकर गेलात तर स्वस्त पडते. अपंगत्वाचा निळा बॅज असेल तर लिफ्टजवळ गाडी लावायला जागा द्या असं बुकिंग करतानाच सांगा, हसतमुखाने देतात.

निघण्याआधी आमच्या गाडीत एक विधी असतो. हे ऑपरेशन थिएटरमध्ये रोज सकाळी भुलीचं मशीन स्वतःच्या हाताने तपासायचे. आदल्या दिवशी चाललं होतं ना, मग आजही चालेल, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. आता ते माझ्या शेजारी बसून डाव्या हाताच्या बोटाने एकेक गोष्ट दाखवतात. आरसा. पट्टा. पेट्रोलचा काटा. हँडब्रेक. प्रत्येकाला मी "बघितलं" म्हणायचं. सगळं झालं की "ओके" येतं आणि मगच मी गाडी सुरू करायची. सुरुवातीला मला ह्याचा वैताग यायचा. आता ते "ओके" आल्याशिवाय माझा हात चावीकडे जात नाही.

बेट ओलांडून ॲलम बेपर्यंत तास लागला. तिथून वर कड्यावर एरवी चालतच जावं लागतं, पण आधी फोन केला होता म्हणून आम्हाला गाडी वर न्यायला परवानगी मिळाली. पांढरेशुभ्र खडूचे कडे, खाली हिरवट समुद्र, त्यात नीडल्सचे सुळके, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध काँक्रीटचे ओबडधोबड चौथरे. इथे रॉकेट उभं करून घट्ट जखडायचे आणि इंजिन पेटवायचे. उडू द्यायचं नाही, नुसतं जळताना बघायचं. मग खोलून, पेट्यांत भरून ऑस्ट्रेलियाला पाठवायचे आणि तिथून उडवायचे. इंधन काय, तर रॉकेल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड! केस सोनेरी करायला पार्लरमध्ये वापरतात त्याचाच जालीम भाऊ.

जमिनीखालच्या खोल्यांत छोटं प्रदर्शन आहे. तिथे एक स्वयंसेविका होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांना विचारलं, "मग हे बंद का पडलं?"

"पैसे," त्या म्हणाल्या. "एकाहत्तर साली सरकारने ब्लॅक ॲरो हे रॉकेट रद्द केलं. पण शेवटचं रॉकेट तोवर तयार होतं, ते पाठवलं गेलं. मग म्हणाले, एवढं केलंय तर उडवा."

"आणि?"

"आणि उपग्रह व्यवस्थित वर गेला, डिअर. अजून फिरतोय. स्वतःच्या रॉकेटने उपग्रह सोडायला शिकलो आणि त्याच वेळी दुकान बंद केलं. असा दुसरा देश नाही."

त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही चीड होती. मला त्या फार आवडल्या. आम्ही गाडीत बसून दशम्या आणि दाण्याची चटणी खाल्ली, फ्लास्कमधला चहा घेतला. रद्द झालेलं रॉकेट, आणि तरी उडवलं! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समुद्राकडे बघून हसत होते, अर्ध्याच तोंडाने, पण पुरेपूर.

शनिवार, वेस्टकॉट

साउथहॅम्प्टनहून एम थ्री, मग ए थर्टीफोरने ऑक्सफर्डच्या बाजूने वर, बिस्टरवरून ए फोर्टीवन. वेस्टकॉटला युद्धानंतर रॉकेट इंजिनांवर संशोधन चालायचं. आता तिथे औद्योगिक वसाहत आहे. तिकीटखिडकी, चहा, फलक, काही नाही. खरं सांगायचं तर मुद्दाम वाट वाकडी करून जाऊ नका. वाटेतच असेल तर दहा मिनिटं थांबा. कुंपणापलीकडे गवतात मातीचे बांध घातलेल्या विचित्र इमारती दिसतात, स्फोट झाला तर धक्का वर जावा म्हणून तशा बांधलेल्या.

फाटकावरचा माणूस खिडकीशी आला. "रस्ता चुकलात का, लव्ह?"

"नाही," मी म्हटलं. "इथेच यायचं होतं."

"इथे?" त्याने मागे वळून बघितलं, जणू मागे काहीतरी नवीन उगवलंय. "कशाला?"

"रॉकेटं."

"ती कधीच गेली," तो म्हणाला, आणि वळायला जागा मिळावी म्हणून त्याने मला फाटक उघडून दिलं.

मिल्टन कीन्सबद्दल काय सांगू? ज्यांनी ते शहर आखलं त्यांना गोल गोल फिरायची भारी हौस असावी. राउंडअबाउट संपला की राउंडअबाउट. मी एकही न चुकता मंदारच्या दारात गाडी लावली आणि शाबासकीची वाट बघितली. तो म्हणाला, "थँक गॉड, पोचलात." जेवणानंतर त्याने बागेतल्या दोन खोल्यांचा नकाशा टेबलावर पसरला. आमची सून रूपाली पुण्याची आहे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने सगळ्यांना आणखी भात वाढला.

रविवार, चावी

सहकारी अकराला येणार होता. साडेनऊला मी सांगून टाकलं की आम्ही गाडी घेऊन कंब्रियाला चाललोय.

मंदारचा चहा कपातच राहिला. "आई, बी रिझनेबल. एकच वर्ष झाला तुला लायसन्स मिळून. एम सिक्सवर बाबांना काही झाला तर? तू काय करणार?"

"रस्त्याच्या कडेला, हार्ड शोल्डरवर थांबून फोन करणार. तू काय करणार असतास?"

"तो पॉइंट नाहीये! तू प्रॉमिस केला होतास. ॲंड बाबा इज टायर्ड. बघ ना त्यांच्याकडे. बाबांना घरी जायचंय, ट्रेनने, कम्फर्टेबली. हो ना, बाबा?" आणि उत्तराची वाट न बघता तो माझ्याकडे वळला. चावी त्याने केव्हाच खिशात टाकली होती.

ह्यांनी काठी घेतली आणि उठून बाहेर गेले. बाथरूमला गेले असतील असं आम्हाला वाटलं. बराच वेळ आले नाहीत म्हणून बाहेर बघितलं, तर हे गाडीत आपल्या सीटवर बसलेले, पट्टा लावून. एका हाताने तो पट्टा लावणं म्हणजे काय कसरत आहे, ते मला विचारा.

मंदार धावला. "बाबा, आज ट्रेनने जायचंय. चला, उतरा."

ह्यांनी बोट वर केलं आणि आरसा दाखवला.

"आरसा? काय झाला आरशाला?" मंदार ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसा हलवायला लागला. बिचाऱ्याला वाटलं, काहीतरी मोडलंय. ह्यांनी मान हलवली. "नाही." मग डाव्या हाताने त्याच्या खांद्याला ढकललं, जोरात, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. पुन्हा आरसा. पुन्हा मी.

"आई, व्हॉट डज ही वॉन्ट?"

"तू उतर म्हणतायत," मी म्हटलं. "ती सीट माझी आहे."

मंदार उतरला. मी बसले. आरसा, बघितला. पट्टा, बघितला. पेट्रोल, भरलेलं. हँडब्रेक, वर. "ओके," हे म्हणाले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

चावी मंदारच्या खिशात होती. मी खिडकीतून हात पुढे केला. त्याने ती दिली, पण माझ्याकडे न बघता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्याचे ओठ लहानपणी इंजेक्शन घेताना व्हायचे तसे झाले होते. पण हात मी मागे घेतला नाही. रूपालीने पळत येऊन मागच्या सीटवर डबा ठेवला. "थालीपीठं आहेत, आई. पोचलात की फोन करा."

कॉसफर्ड

एम वन, एम सिक्स आणि मग एम फिफ्टीफोर. प्रवेश फुकट, चाकाची खुर्ची मागितली तर मिळते, कँटीनमध्ये जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, बरा असतो. आम्ही त्यावर लंडनच्या ईलिंग रोडवरून आणलेलं लिंबाचं लोणचं घातलं, मग छानच झाला. गेल्या वर्षी उघडलेलं शीतयुद्धाचं दालन अफाट आहे. विमानं डोक्यावर टांगलेली, आणि खाली क्षेपणास्त्रं, घासूनपुसून लख्ख. मला ती बघून अभिमानबिभिमान वाटला नाही. अंगावर काटा आला. एका गोऱ्या आजोबांना कुणीतरी विचारलं, ही कधी वापरली का? ते म्हणाले, "नाही, म्हणून तर तू इथे उभा आहेस." ह्याहून चांगला फलक त्या संग्रहालयाला लिहिता येणार नाही.

तिथेच एक गृहस्थ आमच्याशी बोलायला आले. आधी गोड बोलले. मग म्हणाले, "तुमचे लोक चंद्रावर यान पाठवतायत म्हणे. आमच्या मदतीच्या पैशावर."

माझं डोकं सणकलं. "मदत तुमच्या टॅक्समधून जाते का?" मी विचारलं.

"अर्थात."

"मग माझ्याही जाते. छत्तीस वर्षं भरतेय. माझ्या वाट्याचे मी चंद्राला दिले असं समजा. तुमचे तुम्ही परत मागून घ्या."

ते गृहस्थ हेलिकॉप्टरांकडे निघून गेले. चाकाच्या खुर्चीतून "अगं" असं ऐकू आलं. ह्या "अगं"चे बरेच अर्थ होतात. हा कौतुकाचा होता.

मुक्काम लँकेस्टरजवळ, हायवेलगतच्या साध्या हॉटेलात. खाली अपंगांसाठीची खोली मागून घ्या, जास्त पैसे पडत नाहीत. आणि अपंगांच्या टॉयलेटची ती एक किल्ली सगळीकडे चालते, ती घेतल्याशिवाय घर सोडू नका. पासपोर्टपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

सोमवार, शॅपचा चढ

आता एक सांगते, कारण नुसती बढाई वाचून तुम्ही निघालात तर पाप मला लागेल. शॅपच्या चढावर पावसाने गाठलं. लॉरीच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याने पुढचं काही दिसेना. वायपर जोरात, मागे एक लॉरी, पुढे एक लॉरी. मी घाबरले. मंदारचं एकेक वाक्य कानात वाजायला लागलं. हे शांत होते. त्यांनी माझ्यासमोरच्या वेगाच्या काट्याकडे बोट केलं, मग हाताने "खाली, खाली" अशी खूण केली. मी वेग कमी केला. पुढची लॉरी लांब गेली, दिसायला लागलं. पहिल्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, गाडी आत घेतली आणि थालीपीठ हातात धरून नुसती बसले. रडलेही थोडी. मग चहा घेतला आणि निघालो. घाबरणं आणि परत फिरणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे पटलं.

मुक्काम ब्रॅम्प्टनला एका घरातल्या भाड्याच्या खोलीत होता, तिथल्या घरमालकीणबाईंनी रात्री आम्हाला शाकाहारी, अंड्याशिवायचं जेवण म्हणून मॅकरोनी चीज दिलं. सोबत लोणचं होतंच.

मंगळवार, स्पेडॲडम

ही जागा अजूनही हवाई दलाच्या ताब्यात आहे. मनात आलं आणि गेलो, असं होत नाही. स्थानिक इतिहासप्रेमींच्या गटामार्फत अधूनमधून भेटी ठरतात, नाव आधी द्यावं लागतं, ओळखपत्र न्यावं लागतं. आमच्या गटात पंधराएक माणसं होती, त्यात रंगाने आम्ही दोघंच, आणि साडीत मी एकटीच.

मैलोन्‌मैल दलदल, वाऱ्याने वाकलेलं गवत, वर कर्ल्यू पक्ष्यांच्या शिट्ट्या. आणि मध्येच काँक्रीटचा प्रचंड सांगाडा, उतारावर कलंडल्यासारखा. ब्लू स्ट्रीक हे मोठं क्षेपणास्त्र इथे जखडून पेटवत असत. ते आधी शस्त्र म्हणून रद्द झालं, कारण इंधन भरायलाच फार वेळ लागायचा. मग युरोपच्या उपग्रहाच्या रॉकेटात खालचा मजला म्हणून घेतलं. तिथे हे बिचारं चोख काम करायचं आणि वरचे मजले दगा द्यायचे. शेवटी सगळंच रद्द.

ज्वाला जिथून बाहेर पडायची ती खालची वाट बघायला एक उतार होता. गाईडबाई ह्यांच्या काठीकडे बघून म्हणाल्या, "हे सर वरच थांबतील ना?"

"हो, हो," मी म्हटलं. "त्यांना नाही जमणार."

काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. "नाही!"

मी त्यांच्याकडे बघितलं. रविवारी मंदार जे करत होता, तेच मी आत्ता केलं होतं. तेही कुणाच्या बाबतीत, तर ज्याने मला माझी सीट मिळवून दिली त्याच्या. मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि कोपर पुढे केलं. आम्ही उतरलो. सगळा गट थांबला, कुणी घाई केली नाही. खाली काळपट पडलेल्या काँक्रीटवर हे बराच वेळ डावा तळहात टेकून उभे होते. त्यांना काय वाटत होतं ते मला माहीत नाही. ह्या वेळी मी त्यांच्या वतीने ठरवणार नाही.

घरी

परतीला दोन दिवस घेतले. मनात काय राहिलं म्हणाल, तर रॉकेटांपेक्षा ती काँक्रीटची जागाच जास्त राहिली. ती माणसं हरली असं मला वाटत नाही. त्यांचं काम चालत होतं, बंद करणारे दुसरेच होते. आणि बंद करणाऱ्यांची कारणंही कागदावर बरोबरच असतील. मंदारचीही आहेत. माझी दृष्टी एक दिवस अधू होईल, पाय ब्रेकवर वेळेत पडणार नाही, तेव्हा मी स्वतः चावी देईन. पण ते गाडी बंद पडायला आल्यावर, चालत असताना नाही.

पुढच्या शनिवारी मंदार ट्रेनने आमच्याकडे आला. त्याचा सहकारी तिकडे गाडीसाठी अजून थांबला होता. जेवणं झाल्यावर मंदार ह्यांच्या समोर स्टूल घेऊन बसला. "बाबा, मी गाडी नेऊ का?" त्याने विचारलं, आणि ह्या वेळी गप्प बसला. मीही तोंड मिटून उभी राहिले, आणि ते मला शॅपच्या चढापेक्षा कठीण गेलं. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, बागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

मंदारने मान डोलावली. नकाशाबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी मी म्हटलं, चल, तुला स्टेशनवर सोडते. तो सवयीने पुढचं दार उघडायला गेला.

"ती बाबांची जागा," मी म्हटलं. "मागे बस."

तो मागे बसला, गुडघे पोटाशी घेऊन. येताना त्याने एकेरीच तिकीट काढलं होतं. परतीचं त्याला स्टेशनवर रांगेत उभं राहून काढावं लागलं.